दुसऱ्या पाळीचे रकाने

अण्णा,

तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर मी एका वेळी दोन वाक्यांहून अधिक कधी बोलले नाही, आणि तुम्हाला जाऊन नऊ वर्षे होत आली असताना आता पानेच्या पाने लिहायला बसणे मलाच उद्धटपणाचे वाटते. वडिलांना लिहायच्या पत्राचा मायना शाळेत आमच्याकडून घोटून घेतला होता आणि त्या प्रश्नाला मला नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळत. आज तो मायना लिहिलेला नाही. त्यात ‘इकडील सर्व क्षेम’ असे एक वाक्य येते आणि ते खरे नाही.

मी पुन्हा कॉलेजात जाऊ लागले आहे. बी.एस्सी.चे दुसरे वर्ष जिथे तुटले होते, त्या चौथ्या सत्रापासून. विज्ञानाच्या अभ्यासक्रमात मधली पायरी गाळून वर जाता येत नाही. पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र कच्चे राहिले तर दुसऱ्या वर्षाचे कळत नाही, आणि दुसरे अर्धवट असेल तर तिसऱ्याच्या दारात कुणी उभे करत नाही. त्यात मधल्या काळात अभ्यासक्रमच बदलला. माझे जुने विषय नव्या विषयांशी जुळवून घेण्यासाठी मी किती खिडक्यांपुढे उभी राहिले ते मोजले नाही. एका खिडकीतल्या बाईंनी माझा कागद वर धरून विचारले होते, “एवढा गॅप? लग्न झालं होतं का?” मी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे त्यांनी त्यांच्या सोयीने ठरवले.

या नऊ वर्षांतली सात मी बंदराजवळच्या द्रोणागिरीत एका गोदामाच्या ऑफिसात काढली. थंड कंटेनरांतून तिथून फळे आणि मासळी जाते. कंटेनरच्या आतले तापमान यंत्र स्वतःच दर तासाला नोंदवते. माझे काम ती छापील पट्टी फाइलला लावून तिच्यावर सही घेण्याचे. आकडा माझ्या हातात नव्हता. मी तिथे इतकी वर्षे टिकले ती एवढ्याच कारणाने, हे आजवर कुणाला सांगितलेले नाही. मग एकदा ऑफिसातल्या एका बाईंच्या मुलीला आम्ल आणि आम्लारी समजावून देताना जेवणाची सुट्टी संपून तासभर कसा गेला ते मला कळले नाही, आणि त्या तासात जो आवाज माझ्या तोंडून निघत होता तो मी फार वर्षांनी ऐकत होते. त्यानंतर पट्ट्या चिकटवणे अवघड होत गेले.

कॉलेजात मला परत घेतले ते रसायन विभागाच्या प्रमुख मॅडमनी. जुन्या गुणपत्रिका पाहून त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. “अगं, मराठी माध्यमातून येऊन एवढे मार्क, आणि तू गोदामात पट्ट्या चिकटवतेस? ये तू. बाकीचं मी बघते.” आणि त्यांनी खरोखर बघितले, विद्यापीठात स्वतः फोन केले, माझ्यासाठी दोनदा भांडल्या. आता फक्त एक कागद उरला आहे. एवढा खंड पडूनही ही विद्यार्थिनी प्रयोगशाळेत काम करण्यास सक्षम आहे, असे विभागप्रमुखांचे पत्र गेले की तिसऱ्या वर्षाचा प्रवेश पक्का. ते पत्र या सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेनंतर जायचे आहे. परीक्षा येत्या सोमवारी आहे.

आईला हे मान्य नाही. आम्ही आता करावे गावात भाड्याने राहतो; तुर्भ्याची खोली तिने तुमच्या वर्षश्राद्धाआधीच सोडली, कारण तिथे वारा कारखान्यांच्या बाजूने आला की ती खिडकीच्या फटींत फडकी कोंबत बसायची. इथे खाडीचा वास येतो, सुकत्या मासळीचा येतो, त्याला ती नाके मुरडत नाही. पण पहिल्या प्रात्यक्षिकाहून मी घरी आले तेव्हा दारातच ती थबकली. “तुज्या केसांस्नी त्यो वास येतुया,” ती म्हणाली. “आदी डोस्क्यावरनं पानी घे, मगच आत ये.” मी न्हाऊन येईपर्यंत तिने माझा अ‍ॅप्रन काठीने उचलून बाहेरच्या बादलीत टाकला होता.

अ‍ॅप्रन तोच आहे, अण्णा. अकरावीत गेले तेव्हा तुम्ही शिवून आणलेला. कारखान्याचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्याकडे तुम्ही तो टाकला होता, म्हणून त्याच्या खिशावर ओळखपत्र अडकवायची पट्टी आहे, जशी तुमच्या शर्टाला होती. मापाला मी आले नव्हते. तुम्ही हाताने हवेत उंची दाखवली होती आणि वर दोन बोटे जास्त धरली होती. “अजून वाडशील की,” तुम्ही म्हणालात. मी वाढले नाही. माझ्या टेबलाशेजारी काम करणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, सीवूड्सच्या मोठ्या सोसायटीत राहते आणि मला ताई म्हणते. पहिल्याच दिवशी तिने विचारले, “ताई, हा अ‍ॅप्रन आहे की रेनकोट?” मी बाह्या दुमडल्या. “अहो, मस्करी केली. तुम्ही किती सिरियस असता यार,” असे म्हणून तिने तिची पिन काढून माझ्या बाहीला लावून दिली. तिचे हात थरथरत नाहीत, ब्युरेटच्या काचनळीवरचे आकडे ती अचूक वाचते. ती चांगली रसायनशास्त्रज्ञ होईल.

रविवारची दुपार आठवते. तुर्भ्याच्या खोलीत आई ओट्याशी भाकऱ्या थापते आहे, आणि तुम्ही जेवून हात पुसून, कच्च्या वहीचे घडी घातलेले कागद पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवता. तुमच्या दुसऱ्या पाळीच्या नोंदी. तुमच्या कारखान्यात तयार होणारा विषारी वायू बाहेर सोडण्याआधी एका उंच मनोऱ्यात धुऊन घेत. त्याला सगळे स्क्रबर म्हणत. मनोऱ्यात पाणी चढवणाऱ्या पंपाचा दाब दर तासाला बघून तुम्ही कच्च्या वहीत उतरवायचा, आणि तपासणी जवळ आली की त्याची स्वच्छ प्रत करून द्यायची. तुमचे अक्षर तुम्हाला आवडत नसे. सुपरवायझरने एकदा माझे अक्षर पाहिले आणि तेव्हापासून ती प्रत मी करू लागले. मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू. वर्गात बोलायची वेळ आली की मी मान खाली घाली, पण कागदावर माझ्यासारखे कुणी नव्हते.

तुमच्या वहीत काही रकाने रिकामे असत. एखाद्या दिवशी दोन, एखाद्या दिवशी चार. पहिल्यांदा मी विचारले, “इथे काय लिहू?” तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, “त्या येळंला पंप बंद पडला हुता. तसं लिव्हायचं न्हाई म्हनत्यात. आन् जे बगितलं न्हाई त्ये म्या लिव्हीत न्हाई.” मग ते कागद माझ्याकडे सरकवून, “तूच बग काय त्ये. तुजं अक्षर बगितलं की कोन इचारत न्हाई.”

आणि मी बघितले. मला ते येत होते. शाळेत दोलकाच्या प्रयोगात आम्ही दोन वह्या ठेवत असू. कच्च्या वहीत जे आले ते, आणि पक्क्या वहीत जे यायला हवे ते. बाकीच्या मुली उत्तरावरून उलटे गणित करून एकसारखे आकडे लिहीत आणि पकडल्या जात. माझे वाचन कधी पकडले गेले नाही, कारण खऱ्या वाचनात थोडा खडबडीतपणा असतो हे मला तेव्हाच कळले होते. दोन पूर्णांक पाच, मग दोन पूर्णांक चार, मग पुन्हा पाच, मग एकदा सहा. सलग तीन वेळा तोच आकडा येऊ द्यायचा नाही, आणि एकदा तरी येऊ द्यायचा. तुमच्या रिकाम्या रकान्यांत मी असे आकडे भरले की शेजारच्या खऱ्या आकड्यांपेक्षा तेच अधिक खरे वाटत. सुपरवायझर म्हणे खूश झाला होता. तपासणीवाल्यांनी पाने उलटली, मान डोलावली आणि पंप तसाच राहिला.

एकदाच तुम्ही मला रागावलात. घाईत मी स्वच्छ प्रतीऐवजी तुमच्या कच्च्या वहीतच एक रकाना भरला, तेव्हा तुम्ही माझे मनगट धरलेत. “माज्या वहीत न्हाई,” तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “तुज्या कागदावर काय करायचं त्ये कर. ही माजी हाय.” आईने तव्यावरून मान वळवून पाहिले आणि पुन्हा भाकरी उलटली. त्या वेळी मला तो रुसवा वाटला. तो रिकामा रकाना ही तुमची खरी नोंद होती, आणि त्या कारखान्यात तुम्हाला तेवढेच एक खरे लिहायची मुभा होती, हे समजायला मला फार उशीर लागला.

त्याच दिवशी, बहुधा मला बरे वाटावे म्हणून, तुम्ही त्या वायूविषयी सांगितले होते. माझ्या पुस्तकात त्याचे नाव हायड्रोजन सल्फाइड. तुमच्या पाळीत त्याला नुसते ‘सडकी अंडी’ म्हणत. “वास येतुया तवर भ्यायचं न्हाई,” तुम्ही म्हणालात. “वास यायचा थांबला की भ्यायचं. त्यो गेल्याला नसतुया. आपलं नाक मेल्यालं असतंया.” मी ते परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवले. ते पुस्तक अजून आहे.

आता इकडचे सांगते. आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेचे एक मोठे कपाट आहे. आतली वाफ ओढून गच्चीवर सोडणारा पंखा त्याला आहे, किंवा होता. त्या कपाटात किपचे उपकरण ठेवलेले असते, काचेचे तीन गोळे एकावर एक रचल्यासारखे. तोटी उघडली की त्यातून तुमची सडकी अंडी येतात. क्षारांच्या परीक्षणात आम्हाला तो वायू लागतो. मी पुन्हा दाखल झाले त्या आठवड्यातच कपाटावरचे बटण दाबून पाहिले. दिवा लागला, पण काचेजवळ धरलेला टिपकागद हलला नाही. प्रयोगशाळेतले मामा, करावे गावातलेच, मागून म्हणाले, “नको दाबू पोरी. पंखा दिवालीपासना बंद हाय. तीनदा सांगून झाला. आता कोनाला सांगू?”

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. कॉलेजला भेट द्यायला समिती येणार म्हणून इमारतीला रंग देत होते आणि धूळ आत येऊ नये म्हणून प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर बाहेरून प्लास्टिक ताणले होते. आत आम्ही वीस जण. किपची तोटी सकाळपासून उघडी. सुरुवातीला सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले, विनोद झाले, एकमेकांच्या डब्यांत अंडी आहेत का विचारून झाले. मी माझ्या परीक्षानळीत तळाशी बसणारा काळा साका बघत होते. तेवढ्यात शेजारची मुलगी म्हणाली, “चला, वास गेला एकदाचा.”

मी श्वास घेऊन पाहिला. काहीच नव्हते. वर्गात वीस जण बोलत होते आणि हवा अगदी स्वच्छ होती.

मी ओरडायला हवे होते. मी ओरडले नाही. मी चालत गेले, कपाटात हात घालून तोटी बंद केली. मागून ती म्हणाली, “ताई, थांबा ना, माझं व्हायचंय अजून!” मग मी खिडकी ढकलली आणि ती प्लास्टिकला अडली तेव्हा ब्युरेटच्या लोखंडी स्टँडने ते फाडले. सगळे माझ्याकडे बघत होते. गोदामातून आलेल्या, अठ्ठावीस वर्षांच्या, मोठ्या अ‍ॅप्रनातल्या बाईकडे. मी वळले तेव्हा ती मुलगी स्टुलावर बसली होती आणि तिने डोके टेबलावर टेकले होते. “डोकं फार दुखतंय हो,” ती म्हणाली, आणि मग बेसिनकडे धावली. मामांनी तिला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात नेले. थोड्या वेळाने तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मॅडम आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “सकाळपासून काही खाल्लं नसशील. काय ती डाएटं तुमची.” ती हसली. सगळे हसले. मी टेबलाची कड धरून उभी होते.

काल गुरुवारी दुपारी मॅडमनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावले. माझ्यासाठी चहा मागवला. टेबलावर एक जाड रजिस्टर होते; कपाटाच्या पंख्याची रोजची नोंद त्यात करायची असते, पंखा चालू की बंद आणि हवेची ओढ किती. दिवाळीपर्यंत कुणीतरी आकडे लिहिले होते. त्यानंतर पानेच्या पाने रिकामी.

“समिती बुधवारी येते आहे,” मॅडम म्हणाल्या. “नव्या पंख्याची ऑर्डर गेली आहे, एप्रिलमध्ये बसेल. तेवढं हे भरून टाकशील का, बाळ? साधारण शून्य पूर्णांक पाचच्या आसपास असतं. तुला समजावून सांगायला नको. आणि तुझं अक्षर बघितलं की कुणी प्रश्न विचारत नाही.”

मी कप खाली ठेवला. तेच वाक्य, अण्णा. नऊ वर्षांनी, दुसऱ्या तोंडातून, जवळजवळ तसेच्या तसे.

“सोमवारची परीक्षा?” मी विचारले.

“होईल की. तीन बॅचेस आहेत, एका दिवसात संपवू. प्लास्टिक परत लावून घेतलंय, रंगवाले ओरडत होते.” मग बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, “तुझं पत्रही तयार आहे. परीक्षा झाली की सही करते.” त्यांनी धमकी दिली नाही. त्या तशा नाहीत. त्यांनी खरोखरच मनापासून बिस्किटे पुढे केली होती.

मी रजिस्टर घरी आणले. तुम्हाला आता जे सांगायचे आहे ते सांगण्यासाठीच हा सगळा कागद खर्च केला, आणि तरी इथवर येऊन हात थांबतो.

तुम्ही गेलात ती दुसरी पाळी होती, दुपार कलती. तुमच्या सोबतचे काका नंतर घरी येऊन रडत सांगत होते, “अण्णा म्हनले, वास थांबलाय, समदी भाईर पळा. आन् सोता पंप चालू कराया आत गेलं.” म्हणजे तुम्हाला कळले होते. ज्याची खूण तुम्ही मला शिकवली, ती ओळखून तुम्ही इतरांना बाहेर काढलेत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आणखी एका गृहस्थांना घेऊन आले. “शेवटच्या आठवड्याचं लॉगशीट अण्णांकडे राहिलंय. फेअर करायला घरी न्यायचे ना ते. चौकशीला लागेल.” तुमच्या कच्च्या वहीतला तो कागद माझ्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात होता. मी तो उघडला तेव्हा त्यात अकरा रकाने रिकामे होते. एका आठवड्यात अकरा. पूर्वी कधी इतके नव्हते.

मला वाटले, हे लोक म्हणतील की तुम्ही ड्यूटीवर झोपत होता, नोंदी चुकवत होता. तुमच्या नावापुढे अकरा भोके मी कशी ठेवू? आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसांशी न अडखळता बोलले. “दहा मिनिटं बसा, चहा टाकते,” मी म्हणाले. आणि पडद्यामागे ओट्याला टेकून, चहाला उकळी येईपर्यंत, मी ते अकरा रकाने भरले. दोन पूर्णांक पाच. दोन पूर्णांक चार. मध्ये एकदा सहा. तुमच्याच कागदावर, ज्याला हात लावायचा नाही असे तुम्ही मला मनगट धरून सांगितले होते. तुमच्या अक्षराची नक्कलही मला येत होती.

अहवाल दोन महिन्यांनी आला. नोंदींवरून त्या आठवड्यात पंप अखंड सुरू असल्याचे दिसते. यंत्रणेत दोष आढळला नाही. मृत कामगाराने मास्क न लावता आत जाण्याचा हलगर्जीपणा केला. हे मी आईला वाचून दाखवले, कारण घरात दुसरे कोण वाचणार. तिने विचारले, “हलगर्जी म्हंजी काय गं?” मी म्हणाले, “घाई.” ती म्हणाली, “व्हय. घाई हुतीच त्यांस्नी. दुसऱ्याच्या कामाची.” त्या वर्षी मी चौथ्या सत्राच्या परीक्षेला बसले नाही. लोकांना वाटले बापाच्या दुःखाने. कुणी विचारलेच नाही, आणि न विचारल्याबद्दल मी सगळ्यांची ऋणी राहिले.

आज सकाळी आई बाजारात गेल्यावर मी रजिस्टर उघडले आणि भरू लागले. हे लपवत नाही. शून्य पूर्णांक पाच, शून्य पूर्णांक अठ्ठेचाळीस, शून्य पूर्णांक बावन्न, सुट्टीच्या दिवशी आडवी रेघ. नऊ वर्षांत हात काहीच विसरला नव्हता. दोन पाने झाली तरी मी मान वर केली नव्हती, आणि सर्वांत भयंकर गोष्ट ही की मला बरे वाटत होते; खूप दिवसांनी काहीतरी उत्तम जमत होते. तिसऱ्या पानावर मी त्या दिवसाशी आले ज्या दिवशी ती मुलगी म्हणाली होती, चला, वास गेला एकदाचा. त्या तारखेपुढे मी शून्य पूर्णांक लिहिले आणि पुढचा आकडा लिहिता आला नाही. तो रकाना तसाच राहिला, आणि त्याच्याकडे बघताना मला पहिल्यांदा तुमची वही वाचता आली. सोमवारी तीन बॅचेस आहेत, एकापाठोपाठ एक, त्याच बंद खिडक्यांच्या खोलीत. ती मुलगी तिसऱ्या बॅचमध्ये आहे, म्हणजे दोन बॅचेसचा वायू आधीच साठलेला असताना ती आत जाईल.

मी ती तिन्ही पाने रजिस्टरमधून अलगद काढली. मग पुढच्या कोऱ्या पानांवर पहिल्या रिकाम्या तारखेपासून पुन्हा सुरुवात केली. जे दिवस मी तिथे नव्हते तिथे ‘नोंद नाही’. जे दिवस मी होते तिथे ‘पंखा बंद’. त्या एका दिवशी, ‘पंखा बंद, वास येणे थांबले, एका विद्यार्थिनीला उलटी’. पूर्ण वाक्ये, सुवाच्य अक्षर, प्रत्येक नोंदीखाली माझी सही. काढलेल्या पानांसह सगळ्यांचे फोटो काढून ते प्राचार्यांना मेलने पाठवले, प्रत मॅडमना, आणि खाली लिहिले की पंखा दुरुस्त होईपर्यंत त्या खोलीत हा वायू सोडू नये, सोमवारी सोडला तर मी परीक्षेला बसणार नाही आणि इतरांनाही का बसू नये ते दारात उभी राहून सांगेन. मी दारात उभी राहून बोलणार, अण्णा. वाचून तुम्हाला हसू येईल.

पाठवल्यापासून फोन उलटा ठेवला आहे. तो दोनदा थरथरला. मी अजून पाहिले नाही. मॅडमचे पत्र आता जाणार नाही असे धरून चालले आहे. द्रोणागिरीला त्यांनी माझी जागा भरली असेल. दारात बादली आहे, तिच्यात अ‍ॅप्रन भिजतो आहे. खाडीकडून वारा येतो आहे आणि मी मधूनमधून श्वास ओढून खात्री करून घेते की मला त्याचा वास येतो.

हे पत्र कुठे पाठवणार? ते त्या जुन्या पुस्तकात राहील, जिथे तुमचा कागद होता. एक कबुली मात्र राहिली. ती काढलेली तीन पाने मी अजून फाडून टाकलेली नाहीत. अक्षर फार सुंदर आले आहे. आणि आईला ‘हलगर्जी’चा खरा अर्थ अजून सांगितलेला नाही. ती आता भाजी घेऊन येईलच. आज तिला सांगेन असे इथे लिहिणार होते. पण जे घडलेले नाही ते लिहायचे मी आज सकाळी थांबवले आहे. जे घडले तेवढेच लिहिते.

मेल पाठवली: शुक्रवार, ७ मार्च, सकाळी अकरा वाजून सात मिनिटे.